मुक्त बाजाराच्या संस्था आणि दलित अभ्यासक

दलितांविषयी संशोधन पुष्कळ झाले आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी केले, जनगणना खात्याने केले, विद्यापीठांतल्या समाजशास्त्रज्ञांनी केले. या सगळ्यात दलित माणूस उत्तर देणारा होता, प्रश्न विचारणारा नव्हता. कागदावर काय टिपायचे आणि काय ऐकून सोडून द्यायचे हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा हा क्रम पहिल्यांदा उलटला. पण धोरणावर लिहिण्यासाठी पगार घेऊन बसलेला दलित अभ्यासक ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. आणि तोही खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेच्या आश्रयाने! आपल्या चळवळीत वाढलेल्या माणसाला हे ऐकून प्रथम हसू येते आणि मग राग येतो. हसू आणि राग दोन्ही क्षणभर बाजूला ठेवून या घटनेचा इतिहास पाहिला पाहिजे, कारण तिचा एक धागा थेट आपल्या नांदेड-लातूरपर्यंत येऊन पोहोचतो.

ज्याला आज थिंक टँक म्हणतात ती संस्था विद्यापीठही नसते आणि पक्षही नसते. तिला विद्यार्थी नसतात, मतदार नसतात; देणगीदार असतात. तिथला अभ्यासक धोरणाचा एखादा प्रश्न घेतो, पाहणी करतो किंवा दुसऱ्यांनी जमविलेले आकडे जुळवतो आणि वीस-तीस पानांचा निबंध लिहितो. त्या निबंधाचे दोन पानी सार सचिवाच्या टेबलावर जाते, त्यावरून केलेला लेख वर्तमानपत्रात येतो. कायदा करणे हे त्याचे काम नव्हे. कायदा करणारा उद्या जे बोलणार त्याचे शब्द आज तयार ठेवणे, हे त्याचे काम.

या धंद्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अँटनी फिशर नावाचे एक इंग्रज गृहस्थ समाजवादाची लाट पाहून अस्वस्थ झाले आणि राजकारणात उतरावे असे त्यांना वाटू लागले. अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी त्यांना सांगितले की निवडणुकीच्या नादी लागू नका. शिकवणारे, लिहिणारे लोक गाठा, राजकारणी त्यांच्या मागून येतील. फिशर कोंबड्यांच्या धंद्यात उतरले आणि १९५५ मध्ये त्यांनी लंडनला अर्थविषयक संस्था काढली. पुढे मार्गारेट थॅचर यांच्या राजवटीला विचार पुरविणाऱ्या संस्थांत तिचे नाव घेतले गेले. हायेक ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवीत होते, त्याच संस्थेत बाबासाहेब त्यांच्या आधी एडविन कॅनन यांच्याकडे शिकले होते. कॅनन यांचेच विद्यार्थी लायोनेल रॉबिन्स आणि रॉबिन्स यांनीच हायेक यांना तिथे आणले. म्हणजे मुक्त बाजाराचे अर्थशास्त्र बाबासाहेबांनी ऐकीव माहितीवर नाकारले असे कोणी म्हणू नये. त्यांनी ते त्याच्या घरात जाऊन शिकून घेतले होते.

आपल्याकडे हे काम मुंबईत सुरू झाले. १९५६ मध्ये ए. डी. श्रॉफ यांनी फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज स्थापन केला. कर, परवाने, राष्ट्रीयीकरण यांवर छोट्या छोट्या पुस्तिका काढायच्या, व्याख्याने ठेवायची, महाविद्यालयीन तरुणांपर्यंत पोहोचायचे, अशी त्याची रीत. हेच श्रॉफ १९४४ च्या मुंबई योजनेवर सही करणाऱ्यांत होते आणि त्या योजनेत शासनाने पुढाकार घ्यावा असे उद्योगपतींनीच म्हटले होते! भांडवल अंगावर नसताना शासन हवे असते, उभे राहिल्यावर अडचण वाटू लागते. १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यावर बी. आर. शेणॉय या एकट्या अर्थशास्त्रज्ञाने भिन्नमतपत्रिका लिहिली होती. तिच्या धैर्याला दाद दिलीच पाहिजे. नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने जानेवारी १९५९ मध्ये सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षी राजाजी, मसानी, रंगा यांचा स्वतंत्र पक्ष जन्माला आला. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसमोर ठेवलेल्या निवेदनात शेतजमीन शासनाच्या मालकीची असावी, ती गावकऱ्यांच्या गटांनी जातिभेद न करता सामुदायिकपणे कसावी, जमीनदारही नसावा आणि भूमिहीन मजूरही नसावा अशी मागणी केली होती. त्या मागणीपेक्षा कितीतरी सौम्य अशी सहकारी शेतीची गोष्ट नुसती उच्चारली गेली, तर जमीनवाले आणि संस्थानिक स्वातंत्र्याच्या नावाने एकत्र आले.

तेव्हा या संस्थांच्या अर्थशास्त्रात जात हा विषय नव्हता. तो पुढे अमेरिकेच्या वाटेने आला. गॅरी बेकर यांचे भेदभावाच्या अर्थशास्त्रावरचे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा: जो मालक काळ्या माणसाला काळा म्हणून कामावर घेत नाही तो स्वतःचे नुकसान करतो, कारण तोच माणूस दुसऱ्या मालकाकडे स्वस्तात आणि चांगले काम करतो, स्पर्धा खरी असेल तर भेद पाळणारा मालक मागे पडतो. युक्तिवाद देखणा आहे. त्यात गाव नाही, पंचायत नाही, बहिष्कार नाही, हेही लगेच लक्षात येते. गावात दलिताला उधार देणाऱ्या दुकानदाराला बाकीचे गाव वाळीत टाकू शकते, तेव्हा भेद न पाळणाऱ्याचेच नुकसान होते.

आपल्या पिढीला ब्लॅक पँथर ठाऊक आहेत. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्यांच्याच नावावरून. पण त्याच काळ्या समाजातले थॉमस सोवेल आपल्याला फारसे ठाऊक नाहीत. हार्लेममध्ये वाढलेला, तरुणपणी मार्क्सवादी असलेला हा माणूस १९६० च्या उन्हाळ्यात सरकारच्या श्रम खात्यात काम करीत होता. पोर्तो रिको बेटावरच्या साखर उद्योगात किमान वेतन वाढले आणि रोजगार घटला. संघटना म्हणत, वादळांनी ऊस झोपवला म्हणून काम गेले. अर्थशास्त्रज्ञ म्हणत, वेतन वाढले म्हणून गेले. सोवेल यांनी सुचविले की वादळापूर्वी शेतात उभ्या असलेल्या उसाचे आकडे मागवू, म्हणजे निकाल लागेल. खात्यातल्या लोकांना तो निकाल नकोच होता, कारण वेतन कायद्याची अंमलबजावणी हीच त्यांची नोकरी होती. ही हकीकत सोवेल यांनीच सांगितली आहे आणि तिथून आपला मार्क्सवाद सुटला असेही सांगितले आहे. पुढे ते हूवर इन्स्टिट्यूशन या संस्थेत अभ्यासक झाले, आणि जगभरच्या राखीव जागांवर टीका करताना त्यांनी भारतातल्या आरक्षणावरही लिहिले.

उसाच्या या गोष्टीत शिकण्यासारखे आहे. शासनाचे खाते आपल्या सोयीचे आकडे तेवढे पाहते, ही तक्रार खोटी नाही. आपण ती समाजकल्याणाच्या दारात रोज अनुभवतो. पण सोवेल यांच्या कसोटीला मराठवाड्यातला ऊस लावून पाहा. बीड, लातूर, नांदेडकडचा मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस आजारी पडले तर खाडा कापला जातो. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे आले. बाजाराच्या भाषेत हा दोन स्वतंत्र पक्षांतला करार होय. कोणीही त्याच्या डोक्यावर बंदूक ठेवली नव्हती! १९४७ च्या त्याच निवेदनात बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले आहे: ज्याच्याकडे पोटाला दुसरे काही नाही त्याला नोकरीसाठी आपले हक्क सोडावे लागतात, आणि शासनाने हात काढून घेतला की मोकळीक मालकाला मिळते.

आता भारतातल्या दलित अभ्यासकाकडे येऊ. श्री. चंद्रभान प्रसाद हे आझमगढचे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकले, तारुण्यात नक्षलवादी चळवळीत होते, १९९९ पासून दिल्लीच्या एका इंग्रजी दैनिकात नियमित स्तंभ लिहू लागले. जानेवारी २००२ मध्ये भोपाळला दिग्विजय सिंह यांच्या शासनाने भरविलेल्या परिषदेतून जो भोपाळ दस्तऐवज निघाला, त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. शासकीय खरेदीत दलित-आदिवासी उद्योजकांना वाटा द्या, ही त्यातली महत्त्वाची मागणी. पुढे ते अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या मर्केटस सेंटरशी अभ्यासक म्हणून जोडले गेले. ही अमेरिकेतली मुक्त बाजारवादी धोरण-संशोधनाची प्रसिद्ध संस्था. भांडवल हे जातीचे शत्रू आहे आणि दलितांनी भांडवलाशी मैत्री करावी, असा त्यांचा सिद्धान्त.

त्यांच्या निष्कर्षांशी माझे पटत नाही. पण त्यांनी केलेले एक काम आपण नीट पाहिलेले नाही. देवेश कपूर, लँट प्रिचेट आणि डी. श्यामबाबू यांच्यासह त्यांनी उत्तर प्रदेशातल्या दोन विकासगटांत, आझमगढमधील बिलरियागंज आणि बुलंदशहरमधील खुर्जा येथे, १९,०७१ दलित कुटुंबांची पाहणी केली. तिचा निबंध २०१० मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली मध्ये आला. अर्थशास्त्रज्ञ पाहणीला गेला की उत्पन्न विचारतो, खर्च विचारतो, किती उष्मांक पोटात जातात ते विचारतो. या पाहणीत विचारले होते: लग्नात तुम्हाला वेगळे बसवतात का? मेलेले जनावर अजून तुम्हीच ओढता का? दलितेतर तुमच्या घरी येऊन काही खातात का? वेगळ्या पंगतीचे उत्तर असे आले की १९९० मध्ये बिलरियागंजात ७७.३ टक्के घरांना वेगळे बसवीत, २००७ मध्ये ८.९ टक्के. खुर्ज्यात हेच प्रमाण ७३.१ वरून १७.९ वर आले.

हे प्रश्न हायेकच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. वेगळ्या पंगतीत जेवलेल्या माणसालाच ते सुचू शकतात. प्रश्न ठरविणाऱ्यांत दलित माणूस असला तर काय फरक पडतो, याचा हा पुरावा आहे, मग तो अभ्यासक कोणत्याही विचाराचा असो. आपल्या विद्यापीठांतून दारिद्र्यावर निघणाऱ्या प्रबंधांत पंगत का नाही, याचे उत्तर आम्ही मास्तरांनी द्यायला हवे.

पण पाहणी इथेच थांबत नाही. तिचा अर्थ लावला जातो. १९९० ची स्थिती कुटुंबांनी २००७ मध्ये आठवून सांगितली होती. आणि १९९० हेच साल का? कारण १९९१ मध्ये आर्थिक सुधारणा आल्या. आरंभ तिथे धरला की बदलाचे श्रेय बाजाराकडे वळविता येते. याच सतरा वर्षांत उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्ष सत्तेपर्यंत गेला, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अमलात आला, मुले शाळेत गेली, माणसे शहरात गेली. लेखकांनी स्वतः याबाबत बरीच सावधगिरी ठेवली आहे. परंतु २०१५ मध्ये अमेरिकेच्या केटो इन्स्टिट्यूटने भांडवलशाहीचा जातिव्यवस्थेवर हल्ला अशा अर्थाच्या शीर्षकाचा स्वामीनाथन अय्यर यांचा निबंध काढला, तोवर ही सावधगिरी मागे पडली होती. संस्थेला पाहणीतल्या शंका नको असतात, शीर्षक हवे असते. तिथे काम करणाऱ्या अभ्यासकाची खरी परीक्षा याच जागी होते.

केटोच्या त्या निबंधात दलित लक्षाधीशांच्या कथा आहेत, आणि त्या सगळ्या कथांचे केंद्र आहे दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री. २००५ मध्ये पुण्यात ती स्थापन करणारे श्री. मिलिंद कांबळे हे लातूर जिल्ह्यातल्या चोबळी गावचे. वडील शाळामास्तर. नांदेडच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली, पुण्याला जाऊन नोकरी केली, मग बांधकामाचे ठेकेदार झाले. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा, हे त्यांच्या संस्थेचे सांगणे. वॉशिंग्टनच्या निबंधात मराठवाड्यातला मुलगा बाजाराच्या विजयाचा दाखला म्हणून उभा राहतो, याचा मला, खरे सांगायचे तर, थोडा अभिमानही वाटतो.

पण त्या यशाचा हिशेब बाजाराच्या एकट्याच्या खात्यावर कसा मांडणार? मास्तराची नोकरी आणि शासकीय तंत्रनिकेतन यांना बाजाराने जन्म दिला नाही. आणि चेंबरचे आजवरचे सर्वांत मोठे धोरणात्मक यश कोणते? लघुउद्योगांकडून करावयाच्या सार्वजनिक खरेदीचे २०१२ चे धोरण. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करावी, असे त्यात ठरले. हे तर आरक्षणच झाले! भोपाळमध्ये मागितले ते शासनाकडे, मिळाले ते शासनाकडून, आणि पहिल्या दहा वर्षांत ते ४ टक्के काही गाठले गेले नाहीत. मुक्त बाजाराचे दलित पुरस्कर्ते व्यवहारात बाजाराच्या दारावर शासनाचा शिपाई उभा करा असेच म्हणत आले आहेत. यात मला दोष दिसत नाही, शहाणपण दिसते. फक्त परदेशी निबंधात ते गळून जाते. दलित लक्षाधीश या दृश्यावर गोपाळ गुरू यांनी २०१२ मध्ये कठोर टीका केली. २००५ च्या आर्थिक गणनेनुसार देशातल्या उद्योगांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे उद्योग ९.८ टक्के होते आणि लोकसंख्येत त्यांचे प्रमाण १६ टक्क्यांहून अधिक. त्यातले बहुतेक उद्योग म्हणजे घरच्या माणसांनी चालविलेली लहानशी दुकाने आणि कामे.

मिलिंद कांबळे यांचे बालपण ज्या मराठवाड्यात गेले तिथे १९७८ साल होऊन गेले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला ४ ऑगस्ट रोजी मातंग समाजातल्या पोचीराम कांबळे यांना जाळून मारले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. त्या दिवसांत काय जळाले? घरे जळाली, कणगीतले धान्य जळाले, भांडीकुंडी फुटली. मुले शिकली होती, माणसे गावकीची कामे नाकारू लागली होती, अंगावर धड कपडा आला होता, म्हणजे आज पाहणीत ज्याला प्रगतीची खूण म्हणतात तेच नेमके डोळ्यांत खुपले होते, असे त्या वेळच्या अहवालांनी नोंदविले आहे. उत्तर प्रदेशच्या पाहणीत पक्के घर आणि दूरदर्शन संच मोजले आहेत. नांदेडचा माणूस ती यादी वाचतो तेव्हा त्याच्या मनात दुसरा रकाना उमटतो: वस्तू घेतल्यावर ती राखता आली का? २००६ मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाकडे स्वतःची शेती होती.

बाजाराच्या दारात काय होते याची दुसरी पाहणीही झाली आहे, आणि तिचाही मराठवाड्याशी संबंध आहे. डॉ. सुखदेव थोरात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेले हे महाविद्यालय. २००३ मध्ये त्यांनी दिल्लीत दलित अभ्यास संस्था उभी केली. पॉल अटेवेल यांच्यासह त्यांनी २००७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवायचे, फक्त आडनाव बदलायचे. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता दोन-तृतीयांश भरली, मुसलमान नावाला एक-तृतीयांश. बेकर यांच्या देखण्या युक्तिवादाला हे उत्तर आहे. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मालकांच्या मुलाखती घेतल्या, तर मालक म्हणाले, आम्ही जात पाहत नाही, आम्ही कौटुंबिक पार्श्वभूमी पाहतो! आमच्या घराण्यात पहिला पदवीधर झालेला प्रत्येक मुलगा या प्रश्नापुढे उभा राहिलेला आहे. वडील काय करतात? मुलाखत तिथेच संपते, बाकीचे प्रश्न सौजन्यापुरते असतात.

बाबासाहेब कोणत्या बाजूचे, हा वाद या संस्थांनी नव्याने काढला आहे. १९२३ चा ग्रंथ त्यांना फार आवडतो. चलनाचा पुरवठा शासनाच्या मर्जीवर सोडू नये, असे त्यात बाबासाहेबांनी मांडले आहे. कॅनन यांनी आपले मतभेद नोंदवून त्याला प्रस्तावना लिहिली होती. १९४७ चे निवेदन मात्र ते मिटून ठेवतात. आपण उलटे करतो, १९४७ तोंडपाठ म्हणतो आणि १९२३ कपाटात ठेवतो. वास्तविक दोन्हींत एकच माणूस आहे. सत्ता ज्याच्या हाती एकवटेल त्याच्या मर्जीवर गरिबाला सोडू नये, मग ते रिझर्व्ह बँकेपूर्वीचे चलन खाते असो की गावचा जमीनदार.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता राहिलेला नाही. नांदेडला १९९४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले, गावोगाव महाविद्यालये झाली, आणि नेट-सेट, पीएच.डी. झालेली आपली मुले आज तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. तासाला पैसे, तेही वर्षाअखेरीला, सुटीत काही नाही. कायम जागेचा भाव काय असतो ते इथे लिहायला नको. तोही बाजारच आहे. लातूरकडे पाहा, शिकवणी वर्गांच्या पाट्यांखाली अख्खे रस्ते झाकले गेले आहेत. दिल्लीच्या सेंटर फॉर सिव्हिल सोसायटीने, ही संस्था १९९७ ची, पालकांच्या हाती शाळेचे व्हाउचर द्या अशी मोहीम २००७ मध्ये सुरू केली. शिक्षणाचा बाजार कसा दिसेल हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी लातूरला एक चक्कर मारावी. गुणवत्ता दिसेल, नाकारत नाही. फी न भरता परत गेलेला मुलगा तेवढा दिसणार नाही, कारण तो कुणाच्याच यादीत नसतो.

अशा वेळी एखाद्या धोरणसंस्थेतून अभ्यासकाच्या जागेची जाहिरात येते. दरमहा नियमित पगार, इंग्रजी येण्याची अट, मराठवाड्यातल्या खेड्यांची माहिती असल्यास प्राधान्य. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, जाऊ का? लोक म्हणतील बाजारवाल्यांना विकला गेला." मी त्याला जा म्हणालो. तासाच्या पैशावर त्याला निष्ठेचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही आणि त्याला विकला गेला म्हणणाऱ्यांनाही नाही. पण जाताना एक काम त्याच्या गळ्यात घातले, तेच इथे लिहितो.

मुक्त बाजाराच्या सगळ्या विचाराचा पाया मालमत्तेचा हक्क हा आहे. पेरू देशातले हर्नांदो द सोतो यांनी २००० मध्ये लिहिले की जगातल्या गरिबांकडे घरे आहेत, जागा आहेत, पण कागद नाही, म्हणून ते भांडवल मेलेले आहे. कागद द्या, ते जिवंत होईल. या संस्थांत त्यांचे मोठे कौतुक झाले. ठीक आहे. तर मग सर्वांत आधी मराठवाड्याच्या गायरानावर या. इथे भूमिहीन दलितांनी गायराने आणि पडीक जमिनी कसायला घेतल्या त्याला सत्तर वर्षे होत आली. १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर झाला आणि माणसांनी तुरुंग भरले. दगड वेचून, धुरे घालून, बैल नसले तर नवरा-बायकोने औत ओढून ही जमीन पिकाखाली आणली गेली. मालमत्ता श्रमातून जन्मते असे जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सांगितले आणि मुक्त बाजारवाले त्याला आपला पूर्वज मानतात. मग गायरानावरचा महार-मांग हा लॉकचा सर्वांत सच्चा शिष्य म्हटला पाहिजे!

१४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची होती. काहींना सातबारा मिळाला, पुष्कळांना नाही. ज्यांना नाही त्यांची नावे तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एक-इ मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, सापडतात; तिथेही नाव लावून घ्यायला खेटे घालावे लागतात. सातबारा नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही, विमा नाही, विहीर नाही, गारपिटीची भरपाई नाही. बाजारात उतरण्याचे सगळे दरवाजे या एका कागदाशी बंद होतात. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. बळकावणाऱ्या बड्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेला तो निकाल होता, आणि भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही त्यात होता. पण ज्याला पट्टाच मिळालेला नाही त्याला त्या अपवादाचा काय उपयोग?

माझ्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, एक तालुका घे. त्यातले एक-इ उतरून काढ. कोण किती वर्षे कसतो, काय पिकवतो, कुणाचे पीक कितीदा मोडले गेले, कुणी मोडले, फिर्याद झाली का, ते विचार. मग तुझ्या संस्थेच्या लोकांसमोर ठेव आणि विचार की मालमत्तेचा हक्क पवित्र असतो तो कुणाचा. ते छापतील तर आपण त्यांचे आभार मानू. छापणार नाहीत तर तू ते इकडे पाठव, आपल्या पानांत जागा आहे.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर गायरानावरील अतिक्रमणांचा प्रश्न पुन्हा आला आणि आमच्याकडे गावोगाव नोटिसांची धास्ती पसरली. लोकांनी पत्र्याच्या पेट्या उघडून कागद शोधले. बहुतेकांकडे होत्या त्या दंडाच्या पावत्या. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केले म्हणून बापाने, आज्याने वेळोवेळी भरलेला दंड. तारीख, गट नंबर, नाव, सगळे शाईने लिहिलेले. ती घडी मोडू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून माणसे तहसीलला घेऊन येत होती.